गप्प राहिलेले चार दिवस

शरीरसंबंधाच्या अगदी उत्कट क्षणी डोक्याच्या मागच्या भागात एकाएकी असह्य कळ उठली आणि बघता बघता ती दोन्ही बाजूंना पसरली, तेव्हा मी उठून बसलो आणि पत्नीला थकवा आल्याचे सांगून विषय संपवला. तीव्र वेदना अर्ध्या तासात ओसरली. मंद ठणका मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिला. हे कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगावे ते न उमगल्याने मी चार दिवस गप्प राहिलो, आणि ती माझी गंभीर चूक होती.

अशी डोकेदुखी पहिल्यांदाच उद्भवते आणि काही सेकंदांत टोकाला पोहोचते, तेव्हा मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला आहे का, मानेतील धमनीचे अस्तर फाटले आहे का किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या आहेत का, हे तपासल्याशिवाय तिला निरुपद्रवी म्हणता येत नाही. रक्तस्राव शोधण्यासाठी सीटी स्कॅन पहिल्या ६ तासांत सर्वाधिक विश्वासार्ह असतो. ती वेळ मी घालवली होती, म्हणून पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून तपासावे लागले. रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफीही झाली. सुदैवाने सर्व काही ठीक निघाले.

अन्य कारण न सापडल्यास या त्रासाला प्राथमिक डोकेदुखी मानतात. काहींना उत्तेजना वाढेल तसतशी मान आणि जबडा आवळल्यासारखा वाटून डोके दुखू लागते, तर काहींना माझ्यासारखा अचानक आघात होतो. पुरुषांमध्ये हे प्रमाण अधिक आहे, आणि अनेकांना मुळात मायग्रेनही असतो. तीव्र वेदना २४ तासांपर्यंत आणि सौम्य वेदना ७२ तासांपर्यंत राहू शकते. डॉक्टर संबंधाआधी घेण्यासाठी इंडोमेथासिन किंवा रोजच्या वापरासाठी प्रोप्रानोलॉल देतात. मात्र पहिले औषध जठरव्रण असणाऱ्यांना आणि दुसरे दमा असणाऱ्यांना घातक ठरू शकते, म्हणून ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

त्या चार दिवसांत मी पत्नीला टाळत होतो आणि तिने त्याचा अर्थ दुरावा असा लावला, हे मला फार उशिरा कळले. पुढच्या तपासणीला ती सोबत आली आणि पुन्हा जवळ कधी येता येईल, हा माझ्या तोंडून न निघालेला प्रश्न तिनेच शांतपणे विचारला. डॉक्टरांनीही तितक्याच सहजपणे उत्तर दिले: ठणका पूर्ण थांबेपर्यंत थांबा, नंतर घाई न करता सुरुवात करा आणि डोके दुखू लागताच तिथेच थांबा.