एका कानातला आवाज जातो-येतो : प्लेअरचा हेडफोन जॅक दुरुस्त करताना

तक्रार नेहमीचीच होती. उजव्या कानातला आवाज मध्येच जायचा आणि पिन जरा फिरवली की खरखर करत परत यायचा. जॅकला हात लावण्याआधी मी प्लेअरला दुसरा हेडफोन लावून पाहिला आणि हा हेडफोन दुसरीकडे लावला. हेडफोनची वायर बहुतेकदा पिनेच्या मुळाशीच आतून तुटते आणि तेव्हाही लक्षणं अगदी अशीच दिसतात. इथे मात्र कुठलाही हेडफोन लावला तरी तेच होत होतं, म्हणजे दोष प्लेअरमध्येच होता.

साडेतीन मिलिमीटरच्या साध्या पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्याचं आणि मागचा भाग ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही कानांच्या सामायिक परतीच्या वाटेचा. त्यामुळे नुसतं ऐकूनही बराच अंदाज येतो. एकच कान बंद असेल, तर त्या बाजूचा संपर्क किंवा त्याचा सोल्डर (वितळवून लावलेला धातूचा जोड) पाहायचा. दोन्ही कानांत आवाज येतो पण गायक गायब आणि वाद्यं पोकळ, असं झालं तर ग्राउंड तुटलेलं असतं. गायकाचा आवाज दोन्ही चॅनलमध्ये जवळपास सारखाच असतो. ग्राउंड नसलं की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि सारखा असलेला भाग एकमेकांना खोडून टाकतो. पिन पूर्ण आत बसली नाही तरी हे होऊ शकतं, म्हणून पहिला संशय कचऱ्यावर घ्यावा.

खिशातल्या कापडाचे धागे जॅकच्या तळाशी दाबले जाऊन त्यांची घट्ट चकती होते. प्लेअर बंद करून, तोंड खाली धरून, लाकडी टूथपिकने ती कडेकडेने सोडवली. सुई किंवा टाचणी नको, आतल्या पातळ स्प्रिंग-पट्ट्या वाकल्या की साफसफाईचं काम जॅक बदलण्यावर जातं. मग दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओला करून फिरवला. ओला म्हणजे ओलसर, थेंब गळता कामा नये. पूर्ण वाळल्यावर खरखर कमी झाली, पण आवाज जायचा तो गेलाच. आता उघडणं आलं.

उघडताना प्लास्टिकची पट्टी वापरली, कारण लिथियम बॅटरीजवळ धातूचं हत्यार घसरलं तर महागात पडतं. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढलं. त्यानंतर दोन्ही टोकांना पिन असलेली ऑडिओ केबल जॅकमध्ये घालून मल्टिमीटर बीपवर ठेवला, म्हणजे जोड सलग असेल तरच तो वाजतो. एक प्रोब (मीटरची मोजायची सुई) केबलच्या मोकळ्या पिनेच्या मधल्या कड्यावर आणि दुसरा आधी जॅकच्या उजव्या कानाच्या पायावर, म्हणजे बोर्डला सोल्डर केलेल्या टोकावर: केबल हलवली तरी बीप अखंड, म्हणजे आतली पट्टी ठीक. तोच प्रोब मग त्या पायापासून निघणाऱ्या ट्रॅकवरच्या (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेवरच्या) पुढच्या पार्टच्या टोकाला लावला आणि बीप तुटायला लागली. म्हणजे पाय आणि बोर्ड यांच्यामधला सोल्डर गेलेला. ही दुसरी मोजणी पायावर करून भागत नाही, कारण प्रोबच्या दाबाने तडा मिटतो आणि सगळं ठीक वाटतं. आणखी एक चकवा असा की काही प्लेअरमध्ये हेडफोनचं ग्राउंड बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलंच नसतं. त्या दोघांत बीप आली नाही म्हणून तिथे काही तुटलंय असं समजू नये.

भिंगातून तडा स्पष्ट दिसला: पायाभोवती केसाएवढी काळपट गोल रेघ. पिनेला बाजूने बसणारा प्रत्येक धक्का याच पायांवर येतो. फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) लावला, सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवलं आणि ६३/३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) अर्ध्या मिलिमीटर जाडीचा थोडा नवा सोल्डर घालून दोन-तीन सेकंदांत टोक उचललं. ग्राउंडचा पाय मोठ्या तांब्याला जोडलेला असल्याने त्याला थोडा जास्त वेळ लागतो. पण रेंगाळलं तर जॅकचं प्लास्टिक मऊ पडून पट्ट्या जागा सोडतात.

आतली पट्टीच ढिली निघाली असती, तर जॅक बदलावा लागला असता. तेव्हा जुना जॅक अख्खा उपटायचा नाही. कटरने तोडून एकेक पाय वेगळा काढायचा, नाहीतर पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो बोर्डवरचा तांब्याचा तुकडा) उखडतो. पॅड उखडलाच, तर पायापासून पुढच्या पार्टपर्यंत बारीक इनॅमल वायर (वरून इन्सुलेटिंग लेप दिलेली तांब्याची तार) टाकायची. नवा घेताना पायांची संख्या आणि रचना जुळवून पाहायची. जास्तीचा पाय बहुधा पिन लागल्याचं कळवणाऱ्या स्विचचा असतो आणि तो सुटला की प्लेअरला हेडफोन दिसतच नाही. काही प्लेअरमध्ये जॅक फ्लेक्सवर (पातळ, लवचिक पट्टीसारख्या सर्किटवर) असतो, तिथे पूर्ण फ्लेक्स बदलणं सोपं.

नवा जॅक बसवताना आधी एकच पाय सोल्डर करायचा, बोर्ड केसमध्ये ठेवून जॅकचं तोंड भोकाच्या बरोबर मध्ये येतंय का पाहायचं आणि मगच बाकीचे पाय. जॅक तिरका बसला तर केसचा आधार मिळत नाही आणि पिनेचा सगळा भार नव्या सोल्डरवर येऊन तो पुन्हा तडकतो.