एका पंपाला किती टोपणं?

ऑगस्टातली गोष्ट. पावसाची झड लागली होती आणि पत्र्यावर एवढा आवाज, की वर्गात बोललेलं ऐकू येईना. म्हणून सातवीला ‘माय फादर’वर पाच ओळी लिहायला सांगून मी मोकळी झाले. बावीसपैकी सतरा वह्यांत गाईडातलंच वाक्य होतं, ‘माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स हार्ड.’ एका वहीत मात्र वेगळंच: ‘माय फादर स्प्रे मेडिसिन ऑन सोयाबीन. ही व्हॉमिट.’

‘स्प्रे’ला एस लावायचा राहिलाय, म्हणून लाल पेन टेकवलं आणि पेन तिथंच थांबलं.

मधल्या सुट्टीत पोराला विचारलं. “राती दोनदा झाली उलटी. आता बरे हायेत. आज पुन्हा फवाराय गेलेत.” आणि व्हॉमिट हा शब्द कुठून आणलास? “दवाखान्याच्या चिठ्ठीवर व्हता, मॅडम.”

मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे, म्हणजे ही पोरं सहा वर्षं इंग्रजी शिकून माझ्याकडे येतात. तरी ‘व्हॉट इज युअर नेम’च्या पुढं गाडी सरकत नाही. मागे एका प्रशिक्षणात ‘समस्याधारित अध्ययन’ ऐकलं होतं. तिथला नमुना प्रश्न असा, की विमानतळावर पाहुणा हरवलाय, त्याला मदत करा. आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, तीही आली तर! मी ते टिपण फाईलला लावून विसरून गेले होते.

खरं तर ही पद्धत डॉक्टर घडवण्यासाठी निघाली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून वैद्यकीच्या मुलांना आधी व्याख्यानं न देता रोग्याची अडचणच समोर ठेवू लागले. काय माहीत आहे, काय माहीत करून घ्यायला हवं, ते कुठं मिळेल, हे मुलांनी गटात बसून ठरवायचं, आणि मास्तरानं उत्तर द्यायचं नाही. ते शेवटचं सगळ्यात अवघड, निदान माझ्यासारख्या बडबड्या बाईला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न लिहिला: फवारणीच्या एका पंपाला किती औषध घालायचं आणि ते सांगितलं कोणी?

उत्तरं धडाधड आली. एक टोपण. दोन टोपणं. अळी जास्त असली की तीन. कोणी सांगितलं? दुकानदारानं. शेजारच्या काकानं. बाटलीवर काय लिहिलंय? सगळे गप्प.

इथं माझी एक चूक झाली. “लेबल घेऊन या” एवढंच म्हणाले. एका पोरीनं रिकामी बाटलीच दप्तरात आणली, जेवणाच्या डब्याला लागून. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. डबा फेकून दिला, तिचे हात साबणानं दोनदा धुतले, आणि त्यानंतर नियम केला की फक्त घरच्या फोनवर काढलेला फोटो किंवा खोक्यातलं स्वच्छ पत्रक आणायचं. हा प्रयोग कोणी करणार असेल, तर हे आधी वाचा.

फोटो मोठे करून बसलो. लेबलवरच्या त्रिकोणाला चार रंग असतात. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉयझन’ लिहितात, लालवर कवटीही. निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. हे तीन शब्द मी वर्षानुवर्षं समानार्थी म्हणून घोकून घेतले होते. पोरांनी त्यांची उतरंड लावली आणि ती आता पुसली जाणार नाही.

पत्रकावर मराठीही होतं, अक्षर मुंगीएवढं. ‘प्रतिविष’ आणि ‘अँटिडोट’, दोन्ही पोरांना सारखेच परके! मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून एकाची किल्ली दुसऱ्याला लावली. चर्चा मी मराठीतच होऊ दिली. यावर मला ऐकवणारे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की डोकं चालायला आपली भाषा लागते. वहीत शेवटी उतरतं ते इंग्रजीत असलं म्हणजे झालं. बंगळुरूकडे भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ मध्ये शाळांतून प्रयोग केला होता, व्याकरण न शिकवता नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं पोरांपुढं टाकून. पोरं अर्थामागं लागली की भाषा मागोमाग येते, हे त्यांचं म्हणणं मला त्या आठवड्यात पटलं. ‘डू नॉट’, ‘पर लिटर’, ‘हाऊ मच’ यातलं काहीही मी शिकवलं नाही.

एका लेबलवर होतं, हेक्टरी १५० मिली, पाणी ५०० लिटर. हेक्टर कुणाला कळेना. मागच्या बाकावरची पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, “सातबाऱ्यावर असतंय की.” एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे साधारण ०.४० हेक्टर. मग एकरी ६० मिली. आणि बाटली नेमकी ६० मिलीचीच! वर्गात जो गलका झाला, तो ऐकून हेडसर बघायला आले. पुढचं गणित सोपं होतं. लिटरला ०.३ मिली, १५ लिटरच्या पंपाला साडेचार.

घरी पडत होतं किती? दोन टोपणं, त्या पोराच्या अंदाजानं वीस मिलीच्या आसपास.

तेवढ्यात त्यानंच विचारलं, “मॅडम, बाटलीवर पॉयझन हाय, मंग आपण घरी औषिद कामून म्हन्तो?”

पद्धतच अशी, की मी उत्तर द्यायचं नव्हतं. शिवाय माझ्याकडे ते नव्हतंही. माझे वडीलही औषधच म्हणायचे.

आठवड्यानं त्याची वही आली. ‘माय फादर स्प्रेज पॉयझन ऑन सोयाबीन.’ एस होता. घरी त्यानं एका छोट्या मापावर नेलपॉलिशनं साडेचारची रेघ ओढली, खाली कवटी काढली, कारण आईला इंग्रजी वाचता येत नाही. कवटी काढावीच लागली, ते माप खोकल्याच्या औषधासोबत आलेलं होतं.