देवळीजवळचा गेम डेव्हलपमेंटचा निवासी कोर्स, पुढच्या बॅचला जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात देवळी तालुक्यातल्या एका गावात गेम डेव्हलपमेंटचा निवासी कोर्स झाला, त्याला मी दारव्ह्याकडून गेले होते. आल्यापासून ओळखीतली पोरंपोरी सारखी विचारतायत की जायचं का, लॅपटॉप कोणता लागतो, इंग्रजी यायलाच पाहिजे का, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. इंग्रजीचं आधी सांगते, शिकवणं मराठी-हिंदीतच होतं, कोडमधले शब्द तेवढे इंग्रजी आणि ते हाताला लवकर बसतात.

जायला यवतमाळहून कळंब-देवळीमार्गे वर्ध्याला जाणारी एसटी पकडायची, कंडक्टरला फाट्याचं नाव आधीच सांगून ठेवायचं, बायापोरींना हाफ तिकीट आहेच. सकाळची गाडी धरा, कारण फाट्यापासून सामान घेऊन पायी जावं लागतं आणि अकराच्या पुढं ते ऊन सहन होत नाही, पारा ४५ च्या आसपास असतो. दुपट्टा आणि पाणी विसरू नका.

आता लॅपटॉप. कोर्स गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर होता आणि आपल्याकडच्या पोरांसाठी हेच बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट आहे, एमआयटी लायसन्सचं आहे म्हणजे उद्या गेम विकला तरी इंजिनवाल्यांना रॉयल्टी द्यायची नाही, आणि इन्स्टॉलची भानगड नाही, फाइल उघडली की सुरू. युनिटी या दुसऱ्या इंजिनवाल्यांनी २०२३ मध्ये ठराविक मर्यादेपुढं दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं, २०२४ मध्ये मागे घेतलं, पण तेवढ्यात बरेच छोटे डेव्हलपर गोडोकडं वळले. लॅपटॉप जुना असेल तर प्रोजेक्ट बनवतानाच कम्पॅटिबिलिटी रेंडरर (पडद्यावर चित्र काढायची, जुन्या मशीनवरही चालणारी पद्धत) निवडा.

पण डाउनलोड सगळे घरूनच करून न्या!! तिथं अख्ख्या बॅचला एकच नेट होतं आणि पहिला अर्धा दिवस सगळ्यांचा त्यातच गेला. इंजिन लहान आहे, पण गेम मोबाइलवर चढवायला एक्सपोर्ट टेम्प्लेट, जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके लागतं, ते सगळं पेनड्राइव्हमध्ये घेऊन या. डॉक्युमेंटेशनही ऑफलाइन मिळतं, आणि इंजिनमध्ये एफ-वन दाबलं की प्रत्येक फंक्शनची माहिती नेट नसतानाही दिसते. लाइट दिवसातून केव्हाही जायची, त्यामुळं कंट्रोल-एस ची सवय आणि रोज रात्री गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपून ठेवणारं टूल) कमिट, म्हणजे त्या दिवसाच्या कामाची नोंद, हे दोन्ही पाळाच.

शिकवण्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे डेल्टा. सरांनी एकच गेम सकाळी चालवला आणि मग भर दुपारी त्याच लॅपटॉपवर परत चालवला, तर दुपारी त्यातला रोही (नीलगाय) चक्क हळू पळत होता. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, पडायच्या तिथं निम्म्याच पडतात, आणि दर फ्रेमला अमुक पिक्सेल सरक असं लिहिलं असेल तर प्राणीही निम्म्या वेगानं चालतो. मग वेगाला डेल्टानं, म्हणजे मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळेनं गुणलं, आणि दुपारीही रोही सकाळइतकाच पळाला. थोडा अडखळत, पण वेळेत पोचला. विदर्भातल्या उन्हाळ्याइतका चांगला डेमो कुठल्या एसी क्लासमध्ये मिळणार नाही.

आमच्या ग्रुपचा गेम जागलीवर, म्हणजे रात्री पिकाची राखण करण्यावर होता. रात्रीचं तुरीचं शेत, मचाणावर एक माणूस, हातात टॉर्च, आणि अंधारातून येणारा रोही. सुरुवातीला यादीत डुकरं, माकडं, पाऊस, बाजारभाव सगळंच होतं. सरांनी विचारलं यातलं काय काढलं तरी जागल उरते, आणि मग एक शेत, एक टॉर्च, एक रोही एवढंच ठेवलं. अंधार गोडोतल्या कॅनव्हास मॉड्युलेटनं (सगळा पडदा गडद करणारा भाग) केला, टॉर्च पॉइंट लाइटनं (एका जागेवरून उजेड पाडणारा भाग). लहान होता म्हणून पूर्ण झाला. ज्या ग्रुपनं ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठंही मोकळं फिरता येईल असा मोठा गेम, धरला होता त्यांचं शेवटपर्यंत मेन्यूच्या पुढं सरकलं नाही, आणि पोरं हुशार होती हो.

मग टेस्टिंग. नियम एकच, खेळणाऱ्याला काहीच सांगायचं नाही. आम्ही मेसमधल्या मावशींच्या हातात मोबाइल दिला. आमच्याकडं टॉर्च फिरवायला कोपऱ्यात जॉयस्टिक होती, मावशींनी तिच्याकडं बघितलंही नाही, रोही दिसला की सरळ रोहीवरच बोट मारायच्या, दोनतीनदा मारलं आणि म्हणाल्या, "रोही तर तथी हाय, मंग लाईट तथी काऊन नाई जात?" त्याच रात्री जॉयस्टिक काढून टाकली, बोट ठेवलं तिकडं टॉर्च वळेल असं केलं, कोड उलट कमी झाला. दुसऱ्या दिवशी मावशी जेवणं वाढायचं सोडून खेळत होत्या आणि रोही अजून चलाख पाहिजे, तो एकाच बाजूनं येत नसतो हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळं टेस्टिंगला बॅचमधली पोरं घेऊ नका, ज्यांनी कधी गेम खेळला नाही अशी माणसं शोधा.

गेम झाल्यावर प्ले स्टोअरवर टाकायचा असेल तर अकाउंटचे २५ डॉलर एकदाच लागतात. पण नवीन पर्सनल अकाउंटला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले ठेवावे लागतात, एकट्यानं गावात बसून एवढे गोळा करणं अवघड जातं, म्हणून कोर्स संपायच्या आधीच सगळ्यांचे जीमेल आयडी घ्या आणि एकमेकांचे टेस्टर व्हा, आम्ही तसंच केलं. तेवढं थांबायचं नसेल तर इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट टाकता येतो, ब्राउझरमध्येच चालतो, फक्त गोडो ४ मधून वेबसाठी एक्सपोर्ट करताना कम्पॅटिबिलिटी रेंडररच लागतो, बाकीचे चालत नाहीत.