सोनेरी चौकट आणि गोव्याचा पावसाळा

स्वीडिश कोरीव आरशांचा विषय निघाला की बुर्खार्ड प्रेख्ट (१६५१–१७३८) हे नाव येतंच. मूळचा ब्रेमेनचा हा कारागीर स्टॉकहोमला स्थिरावला. त्याच्या बरोक चौकटी भरगच्च. पुढे स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याच्या काळात (१७७१–१७९२) स्वीडिश चौकटी सरळ, सडपातळ झाल्या. आत बहुधा पाइनचं लाकूड, त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचे अनेक हात, मग लाल मातीचा थर आणि शेवटी सोन्याचा वर्ख. उंच आरशाची काच पुष्कळदा दोन तुकड्यांची असते, कारण मोठी काच फार महाग पडे. त्या सांध्यावरून किंमत पाडून मागणाऱ्याला वस्तूची जाण नाही, असं खुशाल समजावं.

गोव्यात असा आरसा टांगला की हवेशी गाठ पडते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एसी चालू झाला की आकसतं; खडूचा थर काही तसा हलत नाही. म्हणून भेगा आधी कोपऱ्याच्या सांध्यांत दिसतात, मग पापुद्रे सुटतात. रात्री एसी आणि दिवसा बंद, हा प्रकार सर्वांत वाईट. चिऱ्याची बाहेरची भिंत ओल धरते, तिथे टांगूच नये. आतल्या भिंतीवरही मागे बुचाच्या चकत्या लावून २ सेंमी फट ठेवावी आणि वाळवीसाठी चौकटीची पाठ अधूनमधून बघावी.

चवथीच्या साफसफाईत ओला फडका नकोच. झळाळी दिलेला वर्ख नुसत्या सरसाच्या जोरावर बसलेला असतो. पाणी लागलं की खालची लाल माती फडक्यावर येते. मऊ, कोरडा ब्रश पुरे. पापुद्रा सुटला असेल तर सशाच्या कातड्याचा सरस १ भाग, पाणी २० भाग. रात्रभर भिजवून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवावा. उकळला तर चिकटपणाच जातो. बारीक ब्रशाने भेगेत सोडून, जादा सरस कोरड्या कापसाने लगेच टिपावा. हार्डवेअरच्या दुकानातला सोनेरी रंग मात्र लावू नका. त्यातली पितळेची पूड खाऱ्या हवेत तपकिरी-हिरवी पडते आणि खालचं सोनं न दुखावता तो रंग काढणं महाकठीण.

काचेचं वेगळंच. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने काचेवर चांदी चढवण्याची कृती शोधली. त्याआधीच्या आरशांच्या पाठीवर कथील आणि पारा असतो. प्रतिबिंब किंचित करडं-निळसर, खालच्या कडेशी बारीक चकाकणारे ठिपके किंवा थेंब. असा आरसा उलटा करू नये, आडवा ठेवू नये. पाठ उघडायची वेळ आली तर नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून.