पद्मिनी अपडेट: ब्रेकला डावीकडे, गॅसला उजवीकडे

माझी जुनी प्रीमियर पद्मिनी ब्रेक दाबला की डावीकडे आणि गॅस (ॲक्सिलरेटर) दिला की उजवीकडे का ओढते, ते सापडलं एकदाचं. स्टिअरिंगच्या मधल्या दांड्याला डावीकडून आधार देणारा आयडलर ब्रॅकेट उजवीकडच्या स्टिअरिंग बॉक्सच्या मानाने ७ मिमी खाली होता. टायर, ब्रेक, शॉकअप, माझं ड्रायव्हिंग, सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं आणि खरा चोर बॅटरीखाली निवांत बसला होता.

मागच्या अपडेटमध्ये पुढची बाजू ३० मिमी खाली घेऊन कडक स्प्रिंगा टाकल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून हे भूत मानगुटीवर होतं. सरळ रेषेत ब्रेक दाबला की नाक डावीकडे. सोडून गॅस दिला की उजवीकडे. स्टॉक (कंपनीच्या मूळ) उंचीवर मऊ स्प्रिंगा आणि म्हातारे बुश ही भानगड पोटात घालत होते. आता सगळं घट्ट केल्यावर गाडी जे आहे ते थेट हातात देते. पिंपळगाव बसवंतजवळ ओळखीच्या व्यापाऱ्याचं कांद्याचं खळं रिकामं होतं, तिथल्या काँक्रीटवर ६० च्या स्पीडलाही ती ओढ जाणवत होती. करी स्पीडवेला (रेसच्या ट्रॅकवर) कोइंबतूरपर्यंत ट्रेलरवर घालून हे असलं ध्यान न्यायचं म्हणजे डिझेल जाळायला हौस पाहिजे.

चारही ड्रम ब्रेक, त्यामुळे पहिला संशय तिथेच जाणार. डाव्या पुढच्या चाकाचा शू आधी पकडतोय म्हणून व्हील सिलिंडर बदलले, ॲडजस्टमेंट सारखी केली, शू ड्रमला नीट बसवून घेतले. फरक शून्य. पद्मिनीवर आयुष्य काढलेले मिस्त्री शांतपणे म्हणाले, "अरे, ब्रेकचा दोष असता तर गॅस दिल्यावर गाडी गप्प बसली असती. ती उजवीकडे कशाला पळेल?" इथे गाडी फिरली म्हणा.

ब्रेक आणि गॅस दोन्हीला उलटसुलट ओढ म्हणजे दोनच गोष्टी. एक, मागचा ॲक्सल पाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) सरकतोय. दोन, पुढचं नाक खाली-वर होताना चाकांचा टो बदलतोय, म्हणजे चाकं आपोआप आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) बघायला लागतात; यालाच बंप स्टिअर म्हणतात. ॲक्सल आधी तपासला. आडगाव नाक्यावरच्या पाटेवाल्याकडे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकलचे बुश, सगळं पाहून घेतलं. पाटे ठणठणीत. 

मग उरला बंप स्टिअर. पुढच्या स्प्रिंगा काढल्या, शॉकअप सोडले, अँटी-रोल बार (वळणात गाडीला झुकू न देणारी दांडी) मोकळा केला, स्टिअरिंग मधोमध बांधून टाकलं. हबवर सपाट प्लेट, प्लेटच्या पुढच्या-मागच्या टोकाला एकेक डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ), खाली जॅक. १० मिमीच्या टप्प्याने वर ४०, खाली ४०. डायल गेज सातपूरच्या एका टूलरूममधून निवृत्त झालेले जुने मितुतोयो, काटा अजून लोण्यासारखा फिरतो. पण ऑनलाइन मागवलेला मॅग्नेटिक स्टँड नुसतं बघितलं तरी वाकत होता. शेवटी लोखंडी अँगल वेल्ड करून स्टँड घरीच केला.

आकडे बघा, सगळे रिमवरचे. उजवं चाक: ४० मिमी वर गेल्यावर ०.८ मिमी टो-आउट, ४० मिमी खाली गेल्यावरही ०.८ टो-आउट. डावं चाक: वर ३.८ टो-आउट, खाली २.२ टो-इन!

आता ब्रेकचं कोडं आपोआप सुटतं. नाक खाली गेलं की डावं चाक डावीकडे बघतं, नाक उचललं की उजवीकडे. उजवं चाक मात्र जवळजवळ जागचं हलत नाही. कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंटला हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे गाडी एकाच उंचीवर उभी असते. आणि आपल्याकडच्या मशीनवाल्यांच्या यादीत पद्मिनी शोधेपर्यंत चहा थंड होतो. मी दोरी लावूनच टो सेट करतो.

चाकाची उंची आणि टो यांचा आलेख काढून त्याचा आकार नीट वाचला की अर्धं काम होतं. तिरकी सरळ रेघ आली तर टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांडीच्या) टोकाची उंची चुकलीय. धनुष्यासारखी कमान आली तर लांबी किंवा आतल्या सांध्याची आडवी जागा चुकलीय. उजवीकडे फक्त छोटी कमान. डावीकडे तीच कमान, अधिक तिरकी रेघ. पुढची स्टिअरिंग जोडणी अशी: उजवीकडे बॉक्समधून हलणारा ड्रॉप आर्म, डावीकडे नुसता आधार देणारा आयडलर, मध्ये दोघांना जोडणारा रिले रॉड. डावा टाय रॉड आयडलरच्या बाजूला लटकतो. म्हणजे उंची तिथेच बघायची.

बघायची कशी? जमीन सपाट नाही, बॉडी पन्नास ठिकाणी ठोकलेली, टेप कशावर टेकवणार? गवंड्यांची पाण्याची पारदर्शक नळी आणली. आधी दोन्ही बाजूंचे खालच्या विशबोनचे (चाकाला धरणाऱ्या आर्मचे) पिव्हट एका पातळीत येईपर्यंत गाडी जॅकवर उचलली, मग ड्रॉप आर्म आणि आयडलरच्या सांध्यांवर नळी धरली. रिले रॉड डावीकडे उतरता होता, ७ मिमी. रंग खरवडल्यावर ब्रॅकेटमागच्या पत्र्याचा जुना जोड दिसला. माझ्या आधीच्या कुठल्यातरी काळात गाडीने डावीकडून धडक खाल्ली असणार आणि डेंटरने ब्रॅकेट नजरेच्या अंदाजाने लावला असणार. रस्त्यावर चाळीसने चालणाऱ्या गाडीत कुणाला कळणार होतं?

अंबडच्या एका लेझर कटिंगवाल्याकडून ६ मिमी पत्र्याची ॲडॅप्टर प्लेट कापून घेतली. भोकं ७ मिमी वर सरकवली, मागे पत्र्याला जोड देऊन आवळली. इतकं छोटं काम कुणी घेत नाही, पण यांनी दोन मोठ्या ऑर्डरींच्या मधे कोपऱ्यातल्या पत्र्यातून काढून दिलं.

पुन्हा गेज लावले. डावं चाक: वर ०.९ टो-आउट, खाली ०.७ टो-आउट. या आकड्यांचा कागद गॅरेजच्या भिंतीवर लावलाय. आणि खळ्यावर? ब्रेक दाबून स्टिअरिंग सैल धरलं तरी गाडी सरळ. मिस्त्री शेजारी बसले होते, त्यांनी खिडकीबाहेर बघत फक्त "हं" केलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

राहिली ती कमान. ती घालवायला टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला रोज जॉइंट (उघडा गोळ्याचा सांधा) आणि स्पेसर लावायचा बेत होता, यादीही तयार होती. पण स्पेसरने उंची बदलते, आणि उंची तर आता बरोबर आहे. शिवाय कमान दोन्ही बाजूंना सारखी असल्यामुळे ब्रेकिंगला दोन्ही चाकांची ओढ एकमेकींना रद्द करते. वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो आणि तेच किंचित बाहेर बघतं, त्यामुळे थोडं अंडरस्टीअर (गाडी हवी तेवढी न वळणं) येत असेल, एवढंच. त्यासाठी धुळीचं कव्हर नसलेले जॉइंट नाशिकच्या खोदलेल्या रस्त्यांवर खुळखुळवायचे? रोज जॉइंट रद्द.

लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. सध्या कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) उणे १.५ अंश आहे, मला उणे २.५ हवाय. त्यासाठी पिव्हट बारच्या शिम (पातळ चकत्या) बदलल्या की वरच्या आणि खालच्या पिव्हटमधून जाणारी काल्पनिक रेषा तिरकी होणार. टाय रॉडचा आतला सांधा त्याच रेषेच्या आसपास असावा लागतो. म्हणजे कॅम्बर बदलला की कमान एकतर सपाट होईल किंवा दुप्पट. म्हणून क्रम असा ठेवतोय: आधी कॅम्बर, लगेच गेज, कॅस्टरला (स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे-मागे कलाला) त्यानंतरच हात. समोरचा टो तोवर शून्यावर.

आयडलरच्या बुशमध्ये अजून थोडा खेळ आहे. प्लेट कधीही काढता येते, तर बुशऐवजी बेअरिंगवर चालणारा आयडलर करून घ्यावा असं डोक्यात आहे. त्यासाठी कापाकापी करायला एक जादा आर्म लागेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली, तेव्हापासून जुन्या पार्टांचे भाव ऐकून घाम फुटतो. कुणाकडे आयडलर आर्म पडून असेल, बुश गेलेला असला तरी चालेल, सांगा. बदल्यात चांगल्या अवस्थेतला स्टॉक पुढचा अँटी-रोल बार देईन.