आयआरक्यू पाचचा तंटा

आमचे घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यापासून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याजवळ गेली, की खालच्या खोलीतले सामान वर न्यायला आम्ही सुरुवात करतो; ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत वाट पाहण्याचे धाडस आता कोणाला होत नाही. गेल्या पावसाळ्यात याच धांदलीत माझा जुना संगणकही वर गेला आणि आठ-नऊ दिवस वायर गुंडाळून पडून राहिला. पाणी काही आले नाही. संगणक खाली आणून सुरू केला, तेव्हा मात्र त्याचा आवाज बिघडलेला होता.

हा संगणक मी २००० साली सुटे भाग घेऊन जोडून घेतला होता. पेंटियम थ्री, विंडोज ९८, आणि त्याहूनही जुने एक आयएसए, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणारे, साउंड कार्ड, जे माझ्याकडे आधीपासून होते. आमच्या भजनी मंडळाच्या साथीच्या चाली मी ज्या प्रोग्रॅममध्ये बसवत आलो, तो नव्या संगणकावर चालत नाही आणि त्याच्या फायली दुसरा कोणताही प्रोग्रॅम उघडत नाही, म्हणून हे धूड अजून घरात आहे.

बिघाड चमत्कारिक होता. आवाज पूर्ण बंद झाला असता, तर कार्ड जळाले असे समजून मी गप्प बसलो असतो. इथे विंडोज सुरू होतानाच्या धूनमधला पहिला तुकडा वाजे आणि तोच पुन्हा पुन्हा वाजत राही, स्पीकर बंद करेपर्यंत. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, दारात कुणाच्या गाडीचा हॉर्न अडकलाय का बघा जरा."

मी आधी ड्रायव्हरवर, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, संशय घेतला आणि तो तीन वेळा काढून पुन्हा टाकला. त्यातून निष्पन्न एवढेच झाले, की सेफ मोडमध्ये पाहिले तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या भागांच्या यादीत, एकाच साउंड कार्डाच्या तीन नोंदी दिसू लागल्या. त्या तिन्ही काढून टाकाव्या लागल्या. दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने झाकणही उघडले नाही. "काका, भंगारात घाला की आता, किती दिवस सांभाळताय," म्हणाला. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. त्याच्या वयाच्या मुलाने आयएसए स्लॉट पाहिलाही नसेल.

अडकलेल्या तुकड्याचा अर्थ मला दोन दिवसांनी लागला. साउंड कार्ड आवाजाचा लहानसा साठा मेमरीतून डीएमएच्या, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेणाऱ्या, वाटेने स्वतःच उचलून वाजवत असते आणि तो संपत आला, की 'पुढचा भरा' अशी सूचना प्रोसेसरला देते. ही सूचना ज्या रेषेवरून जाते, तिला आयआरक्यू म्हणतात. सूचना पोहोचलीच नाही, तर नवा साठा भरला जात नाही, पण डीएमए मात्र जुन्याच साठ्याभोवती फेऱ्या मारत राहते. म्हणजे कार्ड वाजवत होते. त्याची हाक तेवढी ऐकली जात नव्हती.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्वांत वर 'कॉम्प्युटर' अशी नोंद असते. ती निवडून प्रॉपर्टीज उघडल्या, की ० ते १५ अशा सोळा रेषा कोणाकडे आहेत, याची यादी मिळते. यादी मोठी दिसली, तरी त्यात मोकळीक फार थोडी. घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांच्या रेषा ठरलेल्या. ३ आणि ४ सीरियल पोर्टांच्या, ७ प्रिंटरची, १२ माउसची. उरतात त्या ५, ९, १०, ११. माझ्या यादीत ५ पुढे दोन नावे होती: साउंड कार्ड आणि पीसीआय या नव्या पद्धतीच्या स्लॉटमधले लॅन कार्ड. पीसीआय कार्डे एक रेषा आपसांत वाटून घेऊ शकतात. आयएसए कार्डाला ते जमत नाही. त्यातून माझ्या कार्डावर ५ हा आकडा जंपरने, म्हणजे दोन पिनांवर बसवलेल्या काळ्या टोपीने, पक्का केलेला. त्यामुळे हलायचे होते ते लॅन कार्डानेच.

लॅन कार्ड उपसून पाहिले, तर आवाज ठणठणीत. दुसऱ्या स्लॉटमध्ये घातले, तर यादीत पुन्हा ५ वरच. पण मग ही दोन्ही कार्डे इतकी वर्षे एकत्र नांदली कशी, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता.

उत्तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, होते. सुरू होताना डिलीट की दाबून आत गेलो. पीएनपी आणि पीसीआयच्या पानावर रेषांचे वाटप 'ऑटो' होते. ते 'मॅन्युअल' केल्यावर एकेक आयआरक्यू दिसू लागला आणि ५ पुढे 'लेगसी आयएसए' हा पर्याय निवडता आला, म्हणजेच ही रेषा जुन्या कार्डासाठी राखीव, पीसीआयने तिच्याकडे पाहू नये. साउंड कार्डाच्या डीएमएच्या १ क्रमांकाच्या वाटेचेही तसेच केले. जुने वाटप पुसून नव्याने करण्यासाठी 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' एकदा चालू केले आणि सेव्ह करून बाहेर आलो. लॅन कार्ड ११ वर गेले, आणि धून अखंड वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न पुन्हा अडकला! रात्री मी भिंतीवरचे बटण बंद केले होते. तेव्हा कुठे माझे लक्ष पडद्यावरच्या त्या ओळीकडे गेले, जी प्लग काढून लावला की दर वेळी येत होती आणि जी मी म्हातारपणाची कुरकुर समजून एफ १ दाबून पुढे ढकलत होतो: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, म्हणजे बायोसने जपलेली मांडणी बिघडली, म्हणून मूळची घातली. ही मांडणी जपणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल काढून मल्टिमीटर लावला, तर तीन व्होल्टच्या जागी दीडही भरेना. कॅबिनेटचा प्लग एरवी कायम लावलेला असल्यामुळे बंद संगणकातही बायोसला थोडी वीज मिळत राही आणि सेल संपल्याचे कळत नसे. वरच्या मजल्यावरच्या त्या आठ दिवसांत २००० साली जोडणाऱ्या मुलाने करून ठेवलेले 'लेगसी'चे राखीव वाटप पुसले गेले होते. त्याने ते केले होते, हेच मला तोवर ठाऊक नव्हते.

नवा सेल घड्याळवाल्याकडे मिळाला. तो बसवून वाटप पुन्हा केले, दोन रात्री मुद्दाम प्लग काढून ठेवला. आवाज शाबूत राहिला. बायोसच्या पानाची नक्कल कागदावर करून, सेल बदलल्याच्या तारखेसह, कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. साउंड कार्डाच्या जॉयस्टिक पोर्टाला जोडलेल्या माझ्या वाजवायच्या कीबोर्डचा एखादा स्वर अजूनही मधूनच दाबलेला राहतो, पण पोर्टाची पिन हलवली की सुटतो. ते दुखणे केबलचे दिसते.