गाणं कोणाच्या नावाने जाणार? आमची वाटचाल

मिरजेत आमचं काम कॅसेटपासून सुरू झालं. वडिलांचं छोटं दुकान होतं. कोऱ्या कॅसेट विकायच्या, आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांचं, कीर्तनांचं रेकॉर्डिंग करायचं आणि मागणीप्रमाणे प्रती काढून द्यायच्या. मग सीडी आली, तीही गेली. मेमरी कार्ड भरून देण्याचे दिवस आले आणि ज्या गाण्यावर आमचं पोट होतं ते फुकटात हातोहात फिरायला लागलं. आज आमचा छोटा स्टुडिओ आहे, मैफलींचं थेट प्रक्षेपणही करतो. पण बराचसा वेळ जातो तो गायक-वादकांचं इंटरनेटवरचं बस्तान बसवून देण्यात. चॅनेल, वेबसाइट, गाण्यांची नोंद, ऑनलाइन शिकवणीची मांडणी, सगळं त्यात आलं.

याकडे आम्ही वळलो ते मैफलींमुळे. रेकॉर्डिंग द्यायला गेलं की बुजुर्ग मंडळी बजावायची, ‘नेटवर वगैरे काही टाकायचं नाही हं.’ त्यांची कारणं खरी होती. तासदीड तास रंगवलेला राग कोणी अर्ध्या मिनिटात ऐकून पुढे जावं, हे त्यांना मानवत नसे. एखादा स्वर कमी लागला तर तो कायमचा चारचौघांत राहील, ही धास्तीही असे. पण त्याच मैफलीत पुढच्या रांगेत मोबाइल उभे धरलेले असायचे. दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर गाणं हजर! आवाज फाटलेला, राग भलताच लिहिलेला आणि तबल्याला, पेटीला कोण होतं याचा पत्ता नाही. गाणं नेटवर जाऊ द्यायचं की नाही, हे कलाकाराच्या हातात उरलंच नव्हतं. ते कसं जाईल आणि कोणाच्या नावाने जाईल, एवढंच ठरवता येत होतं. तेवढं तरी कलाकारानेच ठरवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

यात नवीन काही नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्या काळच्या नामवंत गायिका गौहरजान यांचं गाणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या छापून व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणं कोणाचं हे कळावं म्हणून गौहरजान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. यंत्र परकं, वेळ जेमतेम तीन मिनिटांचा, तरी त्या कर्ण्यासमोर बसल्या आणि नाव नोंदवून उठल्या. आमच्या मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांचा आवाज आज कोणालाही ऐकता येतो, तो तेही अशा यंत्रासमोर गायले म्हणूनच.

आजचं नाव नोंदवणं म्हणजे वितरणाचा फॉर्म, गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरकाला भरून द्यायचा. त्याच्यावर आम्ही गाण्याइतकीच मेहनत घेतो. नाव रोमन लिपीत लिहायचं असतं आणि घोळ तिथेच होतो. एका अल्बमवर वडिलांच्या नावासकट, दुसऱ्यावर ‘पंडित’ लावून, तिसऱ्यावर एखादं अक्षर जास्तीचं. ऐकणाऱ्याला माणूस एकच, पण स्पॉटिफायवर त्याची तीन वेगवेगळी पानं तयार होतात. म्हणून पहिल्याच दिवशी स्पेलिंग ठरवून घेतो आणि निमंत्रणपत्रिकेवरही तेच छापायला सांगतो. बंदिश कोणाची हे माहीत असेल तर त्यांचं नाव, नसेल तर ‘पारंपरिक’. साथीदार कोण आणि काय वाजवलं, हेही तिथेच भरायचं. शिवाय प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा 12 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. वितरक बदलला तरी तो क्रमांक तोच ठेवायचा, म्हणजे गाण्याची ओळख तुटत नाही. हा क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवलेला कलाकार मला क्वचितच भेटतो. लिहून ठेवावा, ही हात जोडून विनंती.

नाव नसलं की काय होतं, हे एकदा जवळून पाहिलं. एका गायिकेने तुकोबांचा अभंग आपल्या गुरूंनी बांधलेल्या चालीत गायला. चॅनेलवर टाकला आणि दोन दिवसांत एका कंपनीचा हक्काचा दावा येऊन बसला. अभंग कोणाच्या मालकीचा नाही. चाल मात्र ज्याने बांधली त्याची असते, त्यामुळे ते आधी तपासावंच लागतं. इथे चाल गुरूंची, आवाज शिष्येचा. मूळ रेकॉर्डिंग, तारीख आणि गुरूंचं पत्र जोडून हरकत नोंदवली, तेव्हा दावा मागे घेतला गेला. कागद नसते तर व्हिडिओवरचं उत्पन्न भलतीकडे गेलं असतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क देतो. आपल्या सादरीकरणाचं मुद्रण कोणी करावं, ते लोकांपर्यंत कसं पोहोचावं, आणि सादरकर्ता म्हणून आपलं नाव लागावं, हे सगळं त्यात येतं. सादरीकरणानंतरची 50 वर्षं हा हक्क राहतो. गायक-वादकांनी हे वाचायला हवं, निदान एकदा कोणाकडून समजून घ्यायला हवं.

2020 च्या टाळेबंदीत कार्यक्रम बंद पडले आणि शिकवण्या झूमवर आल्या. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला, ‘अहो, तंबोरा ऐकूच जात नाही मुलींना.’ तंबोऱ्याचं मशीन बिघडलं नव्हतं. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून झूम मागचा सलग आवाज पुसून टाकतं. पंख्याची घरघर आणि तंबोऱ्याचा षड्ज त्याला सारखेच! सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं आणि तंबोरा परत आला. तरी आवाज पोहोचायला थोडा उशीर होतोच, त्यामुळे दोघांनी एकदम गाणं जमत नाही. विद्यार्थ्याने आपल्याकडे तंबोरा लावायचा, बाईंनी गायचं, मग त्याने. असं शिकून परदेशातली मराठी मुलं आज चांगली गातायत.

त्याच वर्षी 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली. ज्या लोककलावंतांनी सगळं तिथेच मांडलं होतं त्यांचा श्रोता एका रात्रीत गेला. म्हणून आम्ही स्वतःच्या नावाची वेबसाइट आग्रहाने करायला लावतो. साधी असली तरी चालेल. फोटो, दोन चांगली रेकॉर्डिंग आणि सुपारी द्यायची तर फोन कोणाला करायचा, एवढं पुरे. फेसबुक, इन्स्टाग्राम लोकांना तिथवर आणण्यासाठी.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. ऐकण्यावर मिळणारी रक्कम शास्त्रीय गायकाला घर चालवायला पुरत नाही. कमाई होते ती पुढे. कार्यक्रम ठरतात, विद्यार्थी मिळतात. परगावचे आयोजक बिदागी बोलायच्या आधी लिंक मागतात.

आमच्या इथल्या तंतुवाद्य कारागिरांनीही हे ओळखलंय. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर आम्ही काही कारागिरांचे व्हिडिओ केले. त्यात भाषण नाही. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढताना (तारेचा आवाज खुलावा म्हणून ती घासून घेताना) कारागिराचा हात दिसतो, घासण्याआधीचा आणि नंतरचा तारेचा आवाज ऐकू येतो, तारेखाली सूत सरकवलं की सूर कसा उघडतो ते कळतं. मागणी करणारी माणसं आता किमतीआधी जवारीबद्दल विचारतात.

आमच्याकडे एक नियम आहे. साथीदारांची नावं हाती येईपर्यंत कोणतंही रेकॉर्डिंग वर चढवायचं नाही. सुरुवातीला आयोजकांना तो जाचक वाटला. आता बरेच जण कार्यक्रमाआधीच यादी पाठवतात, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या मुलींची नावंही त्यात असतात.